लसीनंतरचा ताप आणि पालकांची भीती

मुंबईतील गोवंडी परिसरात २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गोवराची साथ उफाळली आणि भिवंडी, मालेगाव येथेही रुग्ण वाढू लागले. आजारी पडलेल्या अनेक बालकांना गोवर-रुबेला लसीचा एकही डोस मिळालेला नव्हता. करोनाकाळात खंडित झालेले लसीकरण आणि पोटापाण्यासाठी होणारी स्थलांतरे ही त्याची मोठी कारणे होतीच. पण आशाताई दारोदार फिरतात तेव्हा त्यांना आणखी एक कारण हमखास ऐकायला मिळते, ते म्हणजे मागच्या सुईनंतर बाळ रात्रभर तापाने फणफणले होते, आता पुन्हा नको.

या उत्तराला अडाणीपणा ठरवून मोकळे होणे अन्यायाचे आहे. हातावर पोट असलेल्या घरात बाळाचा ताप म्हणजे बुडालेली रोजंदारी असते, आणि आईने पाहिलेला तो ताप खराही असतो.

सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात दिल्या जाणाऱ्या पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरील एकत्रित लसीत डांग्या खोकल्याचे मारलेले, पण संपूर्ण जिवाणू असतात. शरीरातील संरक्षक पेशी त्यांना परके म्हणून ओळखतात आणि इंटरल्यूकिनसारखी संदेशवाहक प्रथिने सोडतात. त्या संदेशामुळे मेंदूतील हायपोथॅलॅमस शरीराचे तापमान वाढवतो. म्हणूनच अनेक बाळांना पहिल्या एक-दोन दिवसांत ताप येतो, मांडीवर टोचलेल्या जागी सूज येते आणि बाळ किरकिर करते. वजनानुसार पॅरासिटामॉल आणि नेहमीचे स्तनपान एवढ्यावर बहुधा भागते. ताप टिकून राहिला, बाळ दूध ओढेनासे झाले किंवा त्याला झटके आले, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

गोवर-रुबेला लसीचे गणित वेगळे आहे. तिच्यातील विषाणू जिवंत, पण दुबळे केलेले असतात. त्यांची शरीरात हळूहळू वाढ होते, त्यामुळे काही मुलांना ताप किंवा पुरळ येतेच तर ते साधारण आठवडा ते बारा दिवसांनी येते. ही गोष्ट आधी कुणी सांगितलेली नसेल, तर अचानक आलेल्या या तापाने आई-वडील धास्तावतात.

एकापाठोपाठ घडलेल्या दोन गोष्टींचा संबंध जोडण्याच्या प्रवृत्तीवर गोवराच्या लसीमुळे ऑटिझम होतो ही भीती पोसली गेली. गोवरप्रतिबंधक डोस आणि ऑटिझमची लक्षणे ध्यानात येण्याचे वय साधारण एकच असते. असा संबंध सुचवणारा, केवळ १२ मुलांवर आधारलेला १९९८ चा ब्रिटिश शोधनिबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला, आणि डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्यावरही असा संबंध आढळला नाही.

उलट बाजूला आहे तो प्रत्यक्ष गोवर. 'गोवर प्रत्येकाला निघतोच, तो अंगाबाहेर पडू द्यावा' ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजली आहे आणि तीच मला सर्वांत घातक वाटते. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही सुमारे दोन तास हा विषाणू हवेत टिकू शकतो; त्याला रोखायचे तर वस्तीतील जवळपास ९५ टक्के लोक प्रतिकारक्षम असावे लागतात. न्यूमोनिया, जुलाब, मेंदूज्वर आणि अंधत्व हे त्याचे ज्ञात उपद्रव आहेत. शिवाय नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या रक्ताची गोवरापूर्वी आणि गोवरानंतर तपासणी करून २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवले, की इतर रोगांविरुद्ध आधी कमावलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे या आजाराने पुसली गेली होती. पुरळ मावळते, पण मूल त्यानंतर बराच काळ इतर संसर्गांना सहज बळी पडू शकते.

लसीकरण सत्रात पालकांना चार गोष्टी सांगणे अपेक्षित असते: कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो व त्यावर काय करावे, पुढचा डोस केव्हा, आणि कार्ड जपून ठेवावे. गर्दीत यातली दुसरीच गोष्ट घाईत उरकली जाते, आणि पुढच्या डोसला न येणारी बरीच कुटुंबे माझ्या मते तिथेच दुरावतात. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असतो. तो चुकला असल्यास पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात मोफत घेता येतो, आणि आधी घेतलेले डोस त्यामुळे वाया जात नाहीत.