टाकीत इथेनॉल किती? सेन्सरलाही एकदा तपासून घ्या

अमेरिकेत पंपावर ‘ई८५’ अशी पाटी असली, तरी आत इथेनॉल ८५ टक्के असेलच असं नाही. ऋतू आणि प्रदेशानुसार ते ५१ ते ८३ टक्क्यांच्या मध्ये कुठेही असतं. थंडीत इथेनॉलची वाफ नीट होत नाही, गाडी चालू व्हायला त्रास देते, म्हणून हिवाळ्यात पेट्रोलचं प्रमाण वाढवतात.

टर्बो (इंजिनात जादा हवा दाबणारं यंत्र) बसवून, ईसीयू (इंजिनाचा संगणक) नव्याने ट्यून करून ताकद वाढवलेल्या गाडीला हा फरक झेपत नाही. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच. म्हणून तेवढ्याच हवेत इथेनॉल कितीतरी जास्त सोडावं लागतं. इंधनात इथेनॉल किती, हे लाईनमध्ये बसवलेला सेन्सर ईसीयूला सांगतो. त्याने प्रमाण कमी दाखवलं तर मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. जास्त दाखवलं तर ईसीयू ठिणगी लवकर टाकतो, टर्बोचा दाब वाढवतो आणि तेवढं ऑक्टेन (अवेळी पेट न घेण्याची क्षमता) नसलेलं इंधन नॉकिंग करू लागतं, म्हणजे अवेळी भडकून इंजिनात ठोके देतं. ही दुसरी चूक मला जास्त घातक वाटते, कारण ती थेट पिस्टनवर बेतते.

सेन्सरची युक्ती मात्र सुंदर आहे. आतल्या दोन इलेक्ट्रोडमधून इंधन वाहतं आणि त्यांचा कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक, बनतो. मधल्या पदार्थामुळे तो किती भार साठवेल, हे डायइलेक्ट्रिक स्थिरांक सांगतो. पेट्रोलचा हा स्थिरांक साधारण २, इथेनॉलचा २४ ते २५. एवढी तफावत असल्यावर मिश्रण लपून राहत नाही. जनरल मोटर्सच्या गाड्यांत येणारा आणि मॉडिफाइड गाड्यांत सर्रास बसवला जाणारा सेन्सर इथेनॉल नसेल तर ५० हर्ट्झचा (सेकंदाला ५० स्पंदांचा) सिग्नल देतो, शुद्ध इथेनॉलला १५०. हर्ट्झ मोजणाऱ्या मीटरवरच्या आकड्यातून ५० वजा करा, टक्केवारी हाती येते. त्याच सिग्नलमधल्या स्पंदाची रुंदी इंधनाचं तापमान सांगते: १ मिलिसेकंद म्हणजे उणे ४० अंश सेल्सियस, ५ म्हणजे १२५. एकाच तारेवर दोन निरोप!

तपासताना सिग्नलची तार रेझिस्टरमधून ५ व्होल्टला जोडावी लागते. ते राहिलं की मीटर शून्य दाखवतो आणि चांगला सेन्सर भंगारात जातो.

आता पडताळा. आपल्याकडच्या ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलला ७० हर्ट्झच्या आसपास आकडा यायला हवा. पण पेट्रोल खरंच ई२० आहे का? मोकळ्या हवेत, आगीपासून दूर, १०० मिलिलिटरच्या मोजपात्रात १० मिलि पाणी घ्या, वर ९० मिलि पेट्रोल. बूच लावून हलवा, अधूनमधून बूच सैल करून वाफ सोडा आणि पात्र स्थिर ठेवा. आधी सगळं गढूळ दिसतं, मग हळूहळू रेघ उमटते. इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याकडे जातं आणि खालचा थर २८ च्या जवळ पोचतो. वाढ १८ मिलि, म्हणजे ९० चे २० टक्के. मिसळताना घनफळ किंचित आक्रसतं, त्यामुळे एखाद-दुसरा मिलि कमी भरेल.

इंधनात पाणी शिरलं असेल तर सेन्सर फसतो, कारण पाण्याचा स्थिरांक ८० च्या घरात आहे. आकडा १८० हर्ट्झच्या वर गेला तर इंधन खराब आहे असं समजावं.

नवं इंधन भरल्यावर आकडा लगेच हलत नाही. लाईनमधलं जुनं इंधन संपायला वेळ लागतो, मग तो चढू किंवा उतरू लागतो. तो स्थिर होईपर्यंत ॲक्सिलरेटरवर पाय हलकाच ठेवा.