आब्लो, आब्लास, आब्ला: स्पॅनिश क्रियापदाच्या तक्त्यामागची गोष्ट

स्पॅनिश शिकायला बसलं की पहिल्या काही दिवसांतच 'आब्लार' म्हणजे बोलणे हे क्रियापद समोर येतं आणि त्याचा तक्ता पाठ करायचा असतो, आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाईस, आब्लान (मी, तू, तो किंवा ती, आम्ही, तुम्ही, ते). यात मराठी माणसाला एक सोय लगेच जाणवते, मी बोलतो आणि मी बोलते दोन्हीला आब्लोच, लिंगाचा प्रश्नच नाही. कर्ता गाळायचा हेही आपल्याला घरचंच आहे, 'जाईन', 'जाशील' म्हटलं की मी-तू वेगळं सांगावं लागत नाही. पण मग भूतकाळ येतो, भविष्यकाळ येतो, तक्ते वाढत जातात आणि बरेच जण तिथेच कंटाळतात, ते बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण यातला एकेक प्रत्यय कुठून आला हे कळलं तर निम्मं पाठांतर आपोआप होतं.

आधी शब्दच बघा. लॅटिनमध्ये 'फाबुला' म्हणजे गोष्ट आणि 'फाबुलारी' म्हणजे गप्पा मारणे, गोष्टी सांगणे. त्याचं जुन्या कॅस्टिलियनमध्ये (म्हणजे जुन्या स्पॅनिशमध्ये) 'फाब्लार' झालं, मग सुरुवातीचा फ हळूहळू ह झाला आणि पुढे तो ह पण बोलण्यातून गेला, लिहिताना मात्र एच अजून आहे. म्हणून आब्लार लिहिताना एच लागतो आणि वाचताना तो दिसतच नाही असं धरायचं. मुलगा या शब्दाचंही तेच, लॅटिन फिलिउस, आताचं इखो. शेजारच्या पोर्तुगीजने फ सोडला नाही, तिकडे बोलणे म्हणजे 'फालार', गोव्यात ज्यांच्या घरातले आजी-आजोबा 1961 च्या आधी पोर्तुगीज शाळेत शिकले त्यांच्या कानावरून हा शब्द गेलेला असतो. आब्लार आणि फालार सख्खी भावंडं आहेत.

आता गट, म्हणजे मूळ रूपाच्या शेवटावरून पडणारे. लॅटिनमध्ये क्रियापदांचे असे चार गट होते, त्यातले 'एरे'वाले दोन (एकात ए दीर्घ, एकात ऱ्हस्व) स्पेनच्या बोलीत एकमेकांत मिसळले, काही क्रियापदं तिथून ईरच्या गटात पण गेली, जगणे हे त्यातलंच, लॅटिन वीवेरे पण स्पॅनिश बिबीर. उरले तीन, आर, एर, ईर. आंतोनियो दे नेब्रिखा या स्पॅनिश पंडिताने कॅस्टिलियनचं व्याकरण 18 ऑगस्ट 1492 ला सालामांकामध्ये छापून पूर्ण केलं त्यात हेच तीन गट आहेत, म्हणजे कोलंबस पालोस बंदरातून निघाला त्याला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की पुस्तकाचा पाचवा भाग नेब्रिखाने खास परभाषिकांसाठी लिहिला, ज्यांना कॅस्टिलियन शिकायची आहे त्यांच्यासाठी, आणि त्यात क्रियापदं चालवून दाखवली आहेत. म्हणजे आपण वहीत काढतो तो तक्ता पाचशे वर्षांहून जुना आहे.

एर आणि ईर वर्तमानकाळात जवळपास सारखेच चालतात, फक्त आम्ही आणि तुम्हीच्या रूपात फरक, कोमेमोस (आम्ही खातो) पण बिबिमोस (आम्ही जगतो). आणि नवीन क्रियापद भाषेत आलं की ते जवळजवळ नेहमी आर गटातच जातं, आणि नियमितच चालतं. एस्कानेआर, चातेआर, तुइतेआर. आपण 'स्कॅन करणे' म्हणून करणेचा आधार घेतो, ते सरळ आर लावतात. त्यामुळे आब्लार एकदा नीट आलं की उद्या येणारं क्रियापद पण आजच चालवता येतं.

तुम्हीचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. 'उस्तेद' हा आदराचा तुम्ही मुळात 'वुएस्त्रा मेरसेद' होता, म्हणजे 'आपली कृपा', तो बोलून बोलून झिजला. कृपा ही तिसरी व्यक्ती म्हणून क्रियापद पण तृतीय पुरुषी, उस्तेद आब्ला. आपण समोर बसलेल्या साहेबांनाच 'साहेब काय घेणार?' विचारतो ना, अगदी तसंच. आब्लाईस हे रूप लॅटिनच्या 'आतिस' शेवटातून 'आदेस' होत होत आलं, ते आज मुख्यतः स्पेनमध्येच चालतं, लॅटिन अमेरिकेत सगळ्यांना उस्तेदेस आब्लान. अर्जेंटिनात मात्र एकट्या माणसाला 'बोस आब्लास' म्हणतात, जोर शेवटच्या अक्षरावर, ते त्याच जुन्या तुम्हीच्या रूपाचं दुसरं पिल्लू.

खरी गंमत भविष्यकाळात आहे. लॅटिनचा स्वतःचा भविष्यकाळ होता पण तो टिकला नाही, कारण ब आणि व चा उच्चार एक व्हायला लागला आणि 'कांताबित' (गाईल) आणि 'कांतावित' (गायला) ऐकताना सारखंच वाटू लागलं. मग लोक 'कांतारे हाबेओ' म्हणायला लागले, शब्दशः मला गायचं आहे. आपण पण 'बोलायचं आहे'चं पटकन 'बोलायचंय' करतोच, तिथे तो 'आहे' क्रियापदाला इतका चिकटला की त्याचा प्रत्ययच झाला. आब्लार अधिक ए, आब्लारे, मी बोलेन. आब्लार अधिक आस, आब्लारास, तू बोलशील. हे ए, आस, आ, एमोस, आन म्हणजे आबेर या क्रियापदाचा (त्या 'हाबेओ'चंच हे स्पॅनिश रूप) वर्तमानकाळ, दुसरं काही नाही, आणि म्हणूनच भविष्यकाळात आर, एर, ईर तिन्ही गटांना एकच प्रत्यय लागतात. सातव्या शतकातल्या एका फ्रँकिश (आजच्या फ्रान्सच्या भागातल्या) लॅटिन बखरीत याचा पुरावा सापडतो, कैद झालेला इराणचा राजा म्हणतो 'नोन दाबो', नाही देणार, आणि रोमन सम्राट जस्टिनियन उत्तर देतो 'दारास', देशील! त्या जागी दारास नावाचं शहर वसलं अशी ती कथा. नाही देणार म्हणणारा लॅटिनचा जुना भविष्यकाळ वापरतो आणि देशील म्हणणारा नवा. आजच्या स्पॅनिशमध्ये देशील म्हणजे दारासच.

जुन्या कॅस्टिलियनमध्ये हे दोन तुकडे अजून सुटे करता यायचे, मध्ये सर्वनाम घालून, 'दार ते ए', तुला देईन. स्पॅनिशमधून ते गेलं, पोर्तुगीजच्या औपचारिक लिखाणात अजून आहे. नेब्रिखाने पण लिहून ठेवलंय की हा काळ आडवळणाने बनतो, मूळ क्रियापद आणि आबेर जोडून.

तसंच आब्लारीआ, म्हणजे आब्लार अधिक आबीआ (आबेरचा भूतकाळ), बोलायचं होतं. तो बोलणार होता असं म्हणाला, यातल्या 'बोलणार होता'ला हेच रूप. बऱ्याच पुस्तकांत याला संकेतार्थ म्हणून वेगळ्या कप्प्यात टाकतात, पण व्हेनेझुएलात जन्मलेले आणि चिलीत स्थायिक झालेले आंद्रेस बेयो यांनी 1847 च्या आपल्या व्याकरणात त्याला 'पोसप्रेतेरितो' म्हटलं, भूतकाळानंतरचा काळ, जो त्या क्षणापासून पुढे बघतो. मेक्सिकोच्या शाळांमध्ये मुलं आजही हेच नाव शिकतात.