पिल्लांसाठी ब्रूडर

ब्रूडर : खुडूक कोंबडीच्या पंखांखाली मिळणारी ऊब दिव्याने किंवा तापपट्टीने (विजेवर तापणाऱ्या पट्टीने) देऊन पिल्ले वाढवण्याची बंदिस्त जागा. मोठ्या शेडमध्ये ब्रूडर म्हणजे धातूची छत्री आणि तिच्याभोवती पत्र्याचा घेर. पाच-दहा पिल्लांसाठी मात्र एक खोल खोका, एक बल्ब आणि तुसाची गादी एवढ्यावर काम भागते. या नोंदीत अशा लहान ब्रूडरचाच विचार केला आहे.

अंड्यातून नुकतेच निघालेले पिल्लू चालते, टिपते, ओरडते, त्यामुळे ते स्वावलंबी वाटते. पण स्वतःचे अंग उबदार ठेवणे त्याला जमत नाही. अंगावरची लव पिसांइतकी ऊब धरत नाही आणि देह इवलासा असल्याने उष्णता झपाट्याने निघून जाते. तापमान राखण्याची ताकद पहिल्या दोन आठवड्यांत हळूहळू येते आणि पिसे पूर्ण भरायला पाच-सहा आठवडे लागतात. पोटात शोषलेला बलक त्याला दोन-तीन दिवस पुरतो, म्हणूनच एक दिवसाची पिल्ले लांबच्या प्रवासाला पाठवता येतात. ही शिदोरी संपण्याआधी पिल्लू खायला-प्यायला शिकले पाहिजे, आणि गारठलेले पिल्लू खात नाही. सुरुवातीच्या दिवसांतली बरीच मर भुकेची वाटली, तरी तिच्या मुळाशी थंडी असते.

कोंबडी पिल्लांना वरून ऊब देते आणि त्यांना हवे तेव्हा बाहेर पडू देते. चांगल्या ब्रूडरचे सारे मर्म यात आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी १७४९ मध्ये कृत्रिम उबेने पिल्ले काढण्या-वाढवण्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांची ‘कृत्रिम आई’ म्हणजे आतून मेंढीचे लोकरी कातडे लावलेली पेटी होती. आजच्या तापपट्ट्यांची कल्पना तिच्यापासून फार दूर नाही : पिल्ले पट्टीखाली शिरून पाठ शेकतात आणि बाहेर येऊन चरतात. बल्ब वापरायचा तर तो खोक्याच्या एका टोकाला टांगावा आणि दुसरे टोक थंड राहू द्यावे. मध्यभागी बल्ब लावून सगळा खोका सारखा तापवणे ही नवख्यांकडून हमखास होणारी चूक आहे. अशा खोक्यात उकडू लागले की पिल्लांना पळायला जागाच उरत नाही.

पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ३२ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान ठेवतात आणि पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी उतरवतात. थर्मामीटर पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर धरावा. खोक्याच्या भिंतीवर अडकवलेला थर्मामीटर भलतेच सांगतो. तरी अखेरचा निकाल पिल्लांचा मानावा. ती दिव्याखाली एकमेकांवर चढून कर्कश ओरडत असतील तर थंडी आहे. दिव्यापासून दूर, पंख सोडून, चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर उष्णता जास्त आहे. सगळी एकाच बाजूला दाटली असतील तर दुसरीकडून वारा शिरतो आहे. खोकाभर विखुरलेली, मंद चिवचिवत चरणारी किंवा पाय पसरून झोपलेली पिल्ले दिसली की दिव्याला हात लावू नये.

मोजक्या पिल्लांना ६० ते १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब बहुधा पुरतो. एलईडी दिवा प्रकाश देतो, पण पुरेशी ऊब देत नाही. २५० वॉटचा इन्फ्रारेड बल्ब लहान खोक्याला फार होतो; शिवाय तो तुसात पडला तर आग लागते. कोणताही बल्ब केवळ वायरीवर लोंबकळत ठेवू नये. तो साखळीने टांगावा, दुसऱ्या दोरीनेही बांधावा आणि त्याला जाळीचे आवरण असावे. टेफ्लॉनचा लेप असलेले बल्ब टाळावेत, कारण तापलेल्या लेपाचे वायू पक्ष्यांना मारक ठरतात. वीज गेली तर कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली काही वेळ निभावून नेते.

तळाशी भाताचे तूस किंवा रंध्याच्या ढलप्या ५ ते ७ सेंटिमीटर जाड पसराव्यात. नुसता वर्तमानपत्राचा कागद घालू नये : तो निसरडा असतो, पिल्लांचे पाय फाकतात आणि ते अधूपण कायमचे राहू शकते. पहिले एक-दोन दिवस तुसावर खरबरीत कापड अंथरले तर पिल्ले तूस खाद्य समजून खात नाहीत. खोक्याचे कोपरे पुठ्ठ्याने गोल करावेत, कारण घाबरलेली पिल्ले कोपऱ्यात ढीग करतात आणि खालची गुदमरतात. ओली झालेली गादी लगेच बदलावी. ओलाव्यातून अमोनिया सुटतो आणि रक्ती हगवणीच्या जंतूंनाही बळ मिळते.

ब्रूडर पिल्ले येण्याच्या आदल्या दिवशीच सुरू करून तापमान स्थिर झाल्याची खात्री करावी. पिल्लू आत सोडताना त्याची चोच कोमट पाण्यात अलगद बुडवावी. एकाला कळले की इतर त्याचे पाहून पितात. भांडे उथळ असावे आणि त्यात गोट्या टाकाव्यात, नाहीतर पिल्ले बुडतात. खाद्य १८ ते २० टक्के प्रथिनांचे, पिल्लांसाठीचेच असावे. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यातले कॅल्शियम पिल्लांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. एखाद्या पिल्लाच्या बुडाला विष्ठा चिकटून वाट बंद झाली असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून पुसावी, ओढून काढू नये. पिल्ले हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण निरोगी दिसणाऱ्या पिल्लाकडूनही साल्मोनेला हा माणसाचे पोट बिघडवणारा जंतू पसरतो.

पिसे भरू लागली की दिवा आधी दिवसा, मग रात्रीही बंद करतात. सतत उजेडात वाढलेली पिल्ले अचानक पडलेल्या काळोखाने बिथरून एकमेकांवर ढीग करतात. म्हणून शेवटच्या आठवड्यांत त्यांना रोज थोडा थोडा वेळ अंधाराची सवय लावावी आणि दिव्याविनाच्या पहिल्या रात्री झोपण्यापूर्वी एकदा खोक्यात डोकावून यावे.