पाणी पिणारं सिमेंट

मे महिन्यात कुठल्याही बांधकामावर गेलात तर एक वाक्य हमखास कानावर पडतं : "ऊन चांगलं आहे, स्लॅब लवकर वाळेल." मालक म्हणतो, गवंडी म्हणतो, कधी कधी ठेकेदारही म्हणतो. याच समजुतीपायी तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्लॅबवर पाणी मारणं बंद होतं. काँक्रीटमधलं पाणी उडून गेलं की ते घट्ट होतं, असं शिकलेल्या माणसांनाही मनापासून वाटतं. खरी गोष्ट बरोबर उलट आहे. पाणी उडून गेलं तर सिमेंट घट्ट व्हायचं थांबतं.

पुरावा हवा असेल तर समुद्रातल्या पुलांकडे पाहावं. पुलाचे पाइल, म्हणजे तळाखाली खोल उतरवलेले पायाचे खांब, भरताना पाण्याने भरलेल्या खोल भोकात ट्रेमी नावाची लांब नळी तळापर्यंत सोडतात आणि तिच्यातून काँक्रीट ओततात. काँक्रीट तळापासून भरत वर येतं आणि पाण्याला वर ढकलतं. तिथे ऊन नाही, वारा नाही, वाळायला जागाच नाही. तरी त्या पाइलवर आख्खा पूल उभा राहतो.

पाण्याखाली घट्ट होणारा चुना शोधायची गरजही समुद्रानेच निर्माण केली. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एडिस्टन दीपगृहासाठी जॉन स्मीटन या अभियंत्याने १७५६च्या सुमारास निरनिराळ्या चुनखडींवर प्रयोग केले. ज्या चुनखडीत चिकणमाती मिसळलेली असते तिचा चुना पाण्यातही घट्ट होतो, हे त्याला दिसलं. पुढे १८२४ साली लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्याने 'पोर्टलँड सिमेंट'चं पेटंट घेतलं. त्याची भट्टी आजच्याइतकी तापत नव्हती, त्यामुळे त्याचं सिमेंट आणि आजचं सिमेंट एक नव्हेत. नाव मात्र टिकलं.

आज चुनखडी आणि चिकणमाती साधारण १४५० अंश सेल्सिअसपर्यंत भाजतात. भट्टीतून गोट्यांच्या आकाराचे काळपट खडे बाहेर पडतात, त्यांना क्लिंकर म्हणतात. क्लिंकरमध्ये थोडं जिप्सम घालून दळलं की सिमेंट तयार. क्लिंकरमध्ये मुख्य चार खनिजं असतात. त्यातलं निम्म्याहून जास्त असतं ते अ‍ॅलाइट, म्हणजे ट्रायकॅल्शियम सिलिकेट. सुरुवातीच्या आठवड्यांतली ताकद त्याची. दुसरं बेलाइट आळशी आहे, ते महिनोन् महिने हळूहळू काम करत राहतं. तिसरं अ‍ॅल्युमिनेट, ते इतकं उतावळं की जिप्समने आवर घातला नाही तर माल घमेल्यातच काही मिनिटांत आवळून बसेल. चौथं लोहयुक्त खनिज आहे, सिमेंटचा करडा रंग मुख्यतः त्याच्यामुळे येतो.

आता पाणी ओतल्यावर काय होतं ते पाहू. सिमेंटच्या आख्ख्या रसायनशास्त्रात यापेक्षा सुंदर काही नाही.

पहिल्या काही मिनिटांत अ‍ॅलाइटचे कण भराभर विरघळू लागतात. पाण्यात कॅल्शियमचे आणि सिलिकेटचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले सूक्ष्म कण, उतरतात, उष्णता बाहेर पडते. आणि मग अचानक सगळं शांत होतं. एक-दोन तास, कधी त्याहून जास्त वेळ, अभिक्रिया जवळजवळ थांबल्यासारखी असते. ही सुप्तावस्था नसती तर काँक्रीटचा उपयोगच झाला नसता. प्लांटवर माल कालवणं, ट्रान्झिट मिक्सरमधून शहराच्या रहदारीतून आणणं, पंपाने सातव्या मजल्यावर चढवणं, व्हायब्रेटर मारणं, हे सगळं या शांत तासांत उरकावं लागतं.

पण ही शांतता येते कुठून? या प्रश्नावर शास्त्रज्ञ शतकभर भांडले. एक मत असं होतं की कणांभोवती अभिक्रियेतून तयार झालेल्या पदार्थाचा पातळ पापुद्रा जमतो आणि तो पाण्याला आत जाऊ देत नाही. पापुद्रा फाटला की काम पुन्हा सुरू होतं. २०१०च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ईपीएफएल या संस्थेतल्या कॅरेन स्क्रिव्हनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळं उत्तर मांडलं, आणि मला ते जास्त पटतं. कुठलंही स्फटिक किती वेगाने विरघळेल हे भोवतालचं पाणी किती 'भुकेलं' आहे यावर ठरतं. पाणी शुद्ध असताना अ‍ॅलाइटच्या पृष्ठभागावर, जिथे स्फटिकाच्या रचनेत दोष असतात तिथे, सूक्ष्म खड्डे पडत जातात आणि विरघळणं जोरात चालतं. पाण्यातलं कॅल्शियम वाढलं की नवे खड्डे पडणं थांबतं; पृष्ठभागावरच्या पायऱ्यांच्या कडा तेवढ्या हळूहळू मागे सरकत राहतात. म्हणजे पापुद्रा गृहीत धरायची गरज उरत नाही. विरघळण्याचा नेहमीचा नियमच सगळं समजावून सांगतो.

या शांत काळात पाण्यात आयनांची दाटी वाढत जाते. विरघळलेलं द्रव्य कुठेतरी बाहेर पडायला हवं, आणि त्याला धरायला आधार लागतो. खडीसाखर करताना पाकात दोरा सोडतात आणि त्या दोऱ्यावर स्फटिक धरतात, तसंच इथे होतं. सिमेंटच्या कणांच्याच पृष्ठभागावर कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट नावाच्या पदार्थाची बीजं धरतात. अभ्यासक त्याला सी-एस-एच म्हणतात. बीजं वाढू लागली की ती पाण्यातले आयन ओढून घेतात, पाणी पुन्हा भुकेलं होतं, अ‍ॅलाइट पुन्हा विरघळू लागतं आणि चक्र वेग घेतं. सी-एस-एचच्या सुया आणि पापुद्रे एका कणाकडून दुसऱ्या कणाकडे पसरतात आणि एकमेकांत गुंततात. पाण्याने व्यापलेली जागा घन पदार्थाने भरत जाते. माल घट्ट होतो तो असा.

मोबाइलवर फिरणाऱ्या एका संदेशाचा समाचार इथेच घ्यायला हवा. जुने वाडे आणि किल्ले गूळ, हिरडा, उडीद घातलेल्या चुन्यात बांधलेले होते, म्हणून आजच्या सिमेंटमध्येही गूळ घाला, घर शंभर वर्षं टिकेल, असं त्यात सांगितलेलं असतं. कृपा करून असं करू नका. जुना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, ते रसायन वेगळं आणि त्यातलं गुळाचं कामही वेगळं. पोर्टलँड सिमेंटमध्ये साखरेचे रेणू वाढू पाहणाऱ्या बीजांवरच चिकटून बसतात आणि वाढ अडवतात. ५० किलोच्या गोणीत जेमतेम २५ ग्रॅम साखर गेली तरी सेटिंग काही तास लांबतं. पाव-अर्धा किलो गेली तर माल सेट व्हायचाच थांबू शकतो.

अमावास्येला स्लॅब टाकायचा नाही, ही प्रथाही अशीच. सिमेंटला तिथी कळत नाही, तापमान कळतं. तापमान १० अंशांनी वाढलं की अभिक्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. पंचांग पाहण्याऐवजी उन्हाळ्यात स्लॅब पहाटे किंवा संध्याकाळी टाकला तर त्याचं खरोखर भलं होईल.

आता पाण्याचा हिशोब. अमेरिकेतल्या टी. सी. पॉवर्स यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर तो बारकाईने मांडला. सिमेंटच्या वजनाच्या सुमारे २३ टक्के पाणी नव्या खनिजांच्या रचनेत रासायनिकरीत्या बांधलं जातं. आणखी साधारण १९ टक्के सी-एस-एचच्या अतिसूक्ष्म छिद्रांत अडकून राहतं आणि पुढच्या अभिक्रियेला सहजी मिळत नाही. म्हणजे एक गोणी सिमेंट पूर्ण मुरायला जवळपास २१ लिटर पाणी लागतं. हे पाणी उन्हाने आणि वाऱ्याने उडालं तर वरच्या थरातलं सिमेंट अर्धवट राहतं, आणि नेमका तोच थर आतल्या सळईचं रक्षण करणार असतो. म्हणून गोणपाट अंथरायचं, बारीक बांध घालून वाफे करायचे, त्यात पाणी तुंबवायचं. आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि राख वगैरे मिसळलेल्या मिश्र सिमेंटला किमान १० दिवस पाणी हवं. हवा कोरडी आणि उष्ण असेल तर अनुक्रमे १० आणि १४.

उलट बाजूची चूकही तितकीच घातक आहे. "माल जरा ढिला करा" म्हणून मिक्सरमध्ये पाण्याची बादली ओतली जाते. ते जादा पाणी अभिक्रियेत भाग घेत नाही. ते नुसती जागा अडवतं, पुढे निघून जातं आणि मागे एकमेकांना जोडलेल्या वाटा ठेवून जातं. पावसाचं पाणी आणि समुद्राकाठची खारी हवा त्याच वाटांनी सळईपर्यंत पोचते. पाणी बाहेरून भरपूर द्यावं, पण सेट झाल्यावर, कालवताना मोजूनच.

या अभिक्रियेत उष्णता बाहेर पडते हे वर आलंच. घराच्या स्लॅबमध्ये ती जाणवत नाही, धरणात मात्र डोकेदुखी होते. अमेरिकेतल्या हूवर धरणाच्या काँक्रीटमध्ये ९०० किलोमीटरहून जास्त लांबीच्या नळ्या घालून गार पाणी खेळवावं लागलं. आपल्याकडे घाटघरला, भारतातल्या पहिल्या रोलर कॉम्पॅक्टेड (रोलर फिरवून दाबलेल्या) काँक्रीटच्या धरणांमध्ये, वेगळा रस्ता धरला. तिथे सिमेंटपेक्षा फ्लाय अ‍ॅश, म्हणजे औष्णिक वीज केंद्राची राख, जास्त वापरली.

राख घालून धरण उभं राहतं कसं? त्याचं उत्तर अ‍ॅलाइटच्या एका उरलेल्या पदार्थात आहे. अ‍ॅलाइटमध्ये कॅल्शियम इतकं असतं की सी-एस-एच तयार झाल्यावरही बरंच शिल्लक राहतं. ते पोर्टलँडाइट, म्हणजे कळीचा चुना विरवल्यावर मिळतो तोच पदार्थ, बनून जमतं. मुरलेल्या सिमेंटमध्ये २० ते २५ टक्के जागा पोर्टलँडाइटने व्यापलेली असते. त्याची स्वतःची ताकद फारशी नाही. पण त्याला क्रियाशील सिलिका मिळाली तर त्याचंही सी-एस-एच होतं. फ्लाय अ‍ॅशमध्ये तीच सिलिका काचेच्या रूपात असते. बाजारात पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) नावाने मिळणाऱ्या सिमेंटमध्ये मानकाप्रमाणे १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश घातलेली असते. "राख मिसळलेलं सिमेंट म्हणजे भेसळ" असं म्हणून ते नाकारणारे लोक मला नेहमी भेटतात. ही भेसळ नाही. पीपीसी पहिल्या आठवड्यात मागे असतं, पण नीट पाणी मिळालं तर त्याची छिद्रं पुढे बारीक होत जातात आणि मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या खाऱ्या हवेत ते जास्त भरवशाचं ठरतं. पाणी तिसऱ्या दिवशी तोडलं तर नुकसानही त्याचंच जास्त होतं, कारण त्याचं निम्मं काम तोवर सुरूच झालेलं नसतं.

याच्या पुढचा शोध मला सगळ्यात मोलाचा वाटतो. सिमेंट उद्योगातून जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी ७ ते ८ टक्के बाहेर पडतो. त्यातला मोठा वाटा इंधनाचा नाही; चुनखडी भाजली की तिच्यातूनच तो निघतो, एक टन शुद्ध चुनखडीमागे ४४० किलो. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी हा वाटा कमी होणार नाही. क्लिंकरच कमी वापरायला हवं. फ्लाय अ‍ॅश ही कोळशावरची उधारी आहे, आणि जगाच्या अनेक भागांत ती आताच पुरत नाही. चिकणमाती मात्र जवळजवळ सगळीकडे आहे.

ईपीएफएलमधल्या त्याच स्क्रिव्हनर यांचा गट, क्यूबातल्या लास व्हियास विद्यापीठाचे फर्नांदो मार्तिरेना आणि दिल्ली व मद्रास आयआयटीतले संशोधक यांनी मिळून एलसी-थ्री नावाचं सिमेंट विकसित केलं. त्यात क्लिंकर ५० टक्के, भाजलेली चिकणमाती ३०, न भाजलेल्या चुनखडीची पूड १५ आणि जिप्सम ५ टक्के. माती साध्या सिमेंटपेक्षा कितीतरी कमी, ७०० ते ८५० अंशांवर भाजतात. त्या तापमानाला मातीतल्या केओलिनाइट या खनिजातलं बांधलेलं पाणी निघून जातं, त्याची शिस्तबद्ध रचना विस्कटते आणि ते अतिशय क्रियाशील होतं. त्यातली सिलिका पोर्टलँडाइटशी जुळून सी-एस-एच देते. त्यातलं अ‍ॅल्युमिना एक पाऊल पुढे जातं : पोर्टलँडाइट आणि चुनखडीची पूड दोघांना घेऊन कार्बोअ‍ॅल्युमिनेट नावाची खनिजं तयार करतं आणि ती उरलेली छिद्रं भरतात. म्हणजे नुसती भर म्हणून घातलेली चुनखडीसुद्धा कामाला लागते, शिवाय तिच्या बारीक कणांवर सी-एस-एचची नवी बीजंही धरतात. क्लिंकर निम्म्यावर येऊनही ताकद टिकते आणि कार्बन डायऑक्साइड सुमारे ३० ते ४० टक्क्यांनी घटतो.

यासाठी महागडी शुभ्र चिनी माती लागत नाही, ४० टक्क्यांच्या आसपास केओलिनाइट असलेली माती चालते. कोकणात जांभ्याच्या थराखाली लागणारी पांढरट माती केओलिनाइटचीच असते. आणि ही कल्पना आपल्याला परकी नाही. चुन्यात विटांची पूड, म्हणजे सुरखी, घालून आपल्याकडे शतकानुशतकं बांधकाम झालं. म्हैसूरजवळचं कृष्णराजसागर धरण चुना-सुरखीत बांधलेलं आहे. खरपूस भाजलेल्या विटेपेक्षा कमी भाजलेल्या विटेची सुरखी चांगली, यामागे केओलिनाइटचंच गणित होतं. अति भाजलं की त्याची नवी, निष्क्रिय खनिजं बनतात.

एलसी-थ्रीच्या अडचणीही सांगायला हव्यात. भाजलेल्या मातीचे पापुद्र्यासारखे कण पाणी धरून ठेवतात, त्यामुळे माल चिकट होतो आणि प्लास्टिसायझर, म्हणजे जादा पाण्याशिवाय माल ढिला करणारं रसायन, जास्त लागतं. समुद्राच्या क्लोराइडला हे सिमेंट उत्तम अडवतं, पण पोर्टलँडाइट कमी उरत असल्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात तुलनेने लवकर शिरतो. सळईवरचं कव्हर, म्हणजे तिला झाकणारा काँक्रीटचा थर, आणि पाणी मारणं यांत कसूर केली तर ते माफ करणार नाही. भारतीय मानक संस्थेने २०२३ साली त्यासाठी आयएस १८१८९ हे मानक काढलं, त्यामुळे कारखान्यांचा रस्ता मोकळा झाला आहे. उरली अडचण रंगाची. मातीत लोह असेल तर भाजल्यावर ती तांबूस होते, आणि आपला ग्राहक गोणीतून करडी पूड निघाली नाही तर शंका घेतो. म्हणून भट्टीतून निघणारी माती कमी ऑक्सिजनमध्ये थंड करतात, म्हणजे तिच्यातलं लोह लाल न होता काळपट राहतं. ताकदीवर या रंगाचा काहीही परिणाम होत नाही.