संतवाणी (भीमसेन जोशी)

संतवाणी : किराणा घराण्याचे ख्यालगायक (ख्याल म्हणजे राग विस्ताराने मांडणारी शास्त्रीय गायनशैली) भीमसेन जोशी (१९२२–२०११) यांनी घरोघरी पोचवलेला अभंगगायनाचा कार्यक्रम. ‘अभंगवाणी’ असेही म्हणतात. रागदारीच्या बैठकीला कधी न गेलेला श्रोताही यातूनच त्यांच्या गाण्याजवळ आला.

जोशी गदगचे, मातृभाषा कन्नड. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ यांची ध्वनिमुद्रिका ऐकून गाण्याच्या ध्यासाने त्यांनी लहानपणीच घर सोडले होते. गुरू सवाई गंधर्व संगीत नाटकांतून भूमिका करीत, त्यामुळे रागदारी आणि लोकप्रिय पद यांची सोयरीक या परंपरेला नवी नव्हती.

बहुतेक गाजलेल्या चाली राम फाटक आणि श्रीनिवास खळे यांच्या. फाटकांनी नामदेवांच्या ‘तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल’साठी अहिर भैरव राग घेतला, तुकोबांच्या ‘अणुरणीया थोकडा’साठी मालकंस. पहिल्या अभंगात ‘विठ्ठल’ हा शब्द पावलोपावली येतो. जोशी दर वेळी रागातल्या वेगळ्या जागेवरून त्या शब्दावर उतरतात. बढत (रागाचा टप्प्याटप्प्याने विस्तार) ख्यालाचीच, फक्त बंदिशीच्या (रागात बांधलेल्या गीताच्या) जागी देवाचे नाम. खळ्यांच्या ‘राजस सुकुमार’मध्ये मात्र चालीचे वळण इतके नाजूक आहे की तो भरदार आवाजही हळुवार होतो.

फडावरच्या (वारकरी मंडळींच्या मेळाव्यातल्या) वारकरी भजनात टाळकरी मिळून गातात. इथे गायक एकटा पुढे, मागे तानपुरे, तबला, पखवाज, टाळ आणि साथीचे गळे. भजनी ठेका (भजनाचा ताल) आठ मात्रांचा. त्या छोट्या आवर्तनात तान (वेगवान स्वरांची मालिका) घेऊन समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) येणे सोपे नसते, आणि जोशींनी श्रोत्यांसाठी तान कमी केली नाही. या यशाचे खरे मोल यातच आहे : लोकांना आवडावे म्हणून गाणे हलके करावे लागले नाही.

चित्रपटांतही ते गायले. ‘बसंत बहार’ (१९५६) मध्ये संगीतकार शंकर-जयकिशन यांच्याकडे मन्ना डे यांच्याबरोबरची जुगलबंदी आहे. ‘अनकही’साठी त्यांना पार्श्वगायनाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. लता मंगेशकरांसोबत खळे यांच्या संगीतात ‘राम श्याम गुणगान’ हा भजनसंग्रहही झाला. तरी महाराष्ट्रात आषाढी एकादशीच्या पहाटे लागतात ते त्यांचे अभंगच. कर्नाटकात त्यांनी गायलेल्या कन्नड संतकवी पुरंदरदासांच्या ‘भाग्यदा लक्ष्मी बारम्मा’लाही असेच घरपण लाभले.