डायलिसिसवरील रुग्णांच्या रक्ततपासण्या : नमुना केव्हा द्यावा आणि अहवाल कसा वाचावा

नागपूरच्या धंतोली भागातील आमच्या प्रयोगशाळेत डायलिसिसवरील रुग्णांचे अहवाल न्यायला येणारी घरची मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात, आणि बहुतेक वेळा तो रुग्णाला बाहेरच्या बाकावर बसवून, आवाज खाली आणून विचारला जातो : "अल्ब्युमिन कमी आले आहे, म्हणजे बाबांचे आता किती दिवस?" रक्तातील काही घटकांवरून मृत्यूचा धोका समजतो असे त्यांनी कुठेतरी वाचलेले असते. ती माहिती मुळात खोटी नाही, म्हणूनच तिचे उत्तर काउंटरवर उभ्या-उभ्या देता येत नाही.

अल्ब्युमिन हे यकृतात तयार होणारे प्रथिन आहे. १९९० साली अमेरिकेतील १२,००० हून अधिक डायलिसिस रुग्णांच्या नोंदींवरून असे दिसले की, नेहमीच्या रक्ततपासण्यांपैकी अल्ब्युमिनचा मृत्यूच्या धोक्याशी सर्वांत घट्ट संबंध होता. ४.० ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली ते जसजसे उतरत गेले तसतसा धोका वाढत गेला, आणि आपल्या अहवालांवर 'नॉर्मल' धरल्यामुळे ज्यावर धोक्याची खूण नसते त्या ३.५ ते ४.० च्या पट्ट्यातही ही वाढ होती. मात्र हे आकडे हजारो माणसांच्या गटाविषयी बोलतात. आपल्या वडिलांच्या आयुष्याची तारीख त्यांत नसते. एका रुग्णाच्या बाबतीत खरा उपयोग होतो तो आकडा कोणत्या दिशेने सरकतो आहे आणि का सरकतो आहे हे पाहण्याचा.

कारण नेहमी जेवण हेच नसते. शरीरात कुठे जंतुसंसर्ग किंवा दाह असेल, मग तो मानेतल्या कॅथेटरचा, म्हणजे डायलिसिससाठी घातलेल्या नळीचा असो, दाताचा असो की मधुमेही पायाच्या जखमेचा, तर यकृत अल्ब्युमिन बनवणे कमी करते आणि सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी, वाढते. म्हणून अल्ब्युमिन उतरलेले दिसताच घरच्यांनी दुकानातून प्रोटीन पावडरचा डबा आणू नये. त्यातील फॉस्फरस आणि पोटॅशियम डायलिसिसच्या रुग्णाला त्रासदायक ठरू शकते, आणि खरे कारण कॅथेटरपाशी असेल तर ते तसेच राहून जाते. अल्ब्युमिन आणि सीआरपी या दोन्ही तपासण्या एकाच नमुन्यावर केल्या तर डॉक्टरांना पुष्कळ काही उलगडते, म्हणून आम्ही त्या एकत्र सुचवतो.

आता ज्या चुकीमुळे आमचा, डॉक्टरांचा आणि आपला सर्वांत जास्त वेळ जातो तिच्याविषयी. सकाळच्या पाळीला मशीनवर चढलेले रुग्ण अकरा-साडेअकराला उतरतात आणि घरी परतताना वाटेत आमच्याकडे रक्त देतात. उमरेडहून किंवा काटोलहून एसटीने येणाऱ्या माणसाला दुसरी फेरी परवडत नाही, हे आम्ही पूर्णपणे समजून आहोत. परंतु डायलिसिस संपल्यानंतर घेतलेल्या त्या नमुन्यातून रुग्णाची रोजची स्थिती कळत नाही. युरिया, पोटॅशियम आणि फॉस्फरस मशीनने नुकतेच धुऊन काढलेले असतात, पुढच्या काही तासांत ते पेशींमधून पुन्हा रक्तात येतात, आणि मधल्या वेळेचा आकडा घरच्यांना खोटा धीर देतो. अल्ब्युमिनचे उलट होते. गेल्या पावसाळ्यात एका आजोबांचे एकाच दिवशीचे दोन नमुने आमच्याकडे आले : मशीन सुरू होण्यापूर्वीच्या नमुन्यात अल्ब्युमिन ३.४ होते आणि संपल्यानंतरच्या नमुन्यात ३.९. चार तासांत यकृताने काही नवे प्रथिन बनवले नव्हते. मशीनने सुमारे तीन लिटर पाणी काढले होते, आणि वरण आटले की त्यात मीठ न घालताही ते खारट लागते तसे रक्त घट्ट होऊन प्रथिनाचे प्रमाण वाढलेले दिसले. पहिला नमुना नसता तर ३.९ हाच आकडा फाइलला लागला असता आणि सर्वांनी समाधान मानले असते.

म्हणून नमुना डायलिसिस सुरू होण्यापूर्वीच घ्यावा. फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी हातावर शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीत, सुई घातल्यावर, सलाइन किंवा हेपरिन (रक्त गोठू न देणारे औषध) जाण्यापूर्वी, तेथील सिस्टरांनी तो काढावा. एकदा सलाइन मिसळले की बहुतेक आकडे खाली येतात आणि घरचे विनाकारण घाबरतात. कॅथेटर असेल तर आत भरून ठेवलेले हेपरिन आधी काढून टाकावे लागते. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस होत असेल तर मधला वार निवडावा, दोन वेळा होत असेल तर दर महिन्याला तोच वार ठेवावा. डायलिसिस पुरेसे होते आहे का हे पाहण्यासाठी नंतरचा युरियाही लागतो, पण तो पंपाचा वेग कमी करून ठरावीक पद्धतीने घेतात. ते काम केंद्रातील टेक्निशियनचे आहे. फिस्टुलाच्या हाताला घरी किंवा अन्यत्र रक्त काढण्यासाठी सुई लावू देऊ नये.

ज्या चिठ्ठीवर डायलिसिसचा दिवस आणि नमुन्याची वेळ लिहिलेली नाही, तो नमुना आम्ही फोनवर खात्री केल्याशिवाय तपासणीला लावत नाही. यावर काही ग्राहक रागावतात, इतर ठिकाणी कोणी विचारत नाही असे सांगतात. ते खरे असू शकेल, परंतु वेळ माहीत नसलेला पोटॅशियमचा आकडा छापून देणे आम्हाला योग्य वाटत नाही. नागपूरच्या मे महिन्यात काही जण काळजीपोटी नळी बर्फात गुंडाळून आणतात, त्यांच्या काळजीचा आम्हाला आदरच आहे. मात्र पेशी वेगळ्या न केलेले रक्त बर्फात राहिले तर पेशींतील पोटॅशियम बाहेर झिरपते आणि आकडा खोटा वाढतो. नमुना उन्हापासून आडोशाला, साध्या पिशवीत ठेवून दोन तासांच्या आत आमच्याकडे पोहोचावा. धंतोली आणि रामदासपेठ परिसरातील केंद्रांवरून आमचा माणूस तो स्वतः घेऊन येतो आणि त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत.

क्रिएटिनिन कमी झाले की पेढे आणणारी मंडळीही आम्ही पाहिली आहेत. डायलिसिस सुरू होण्यापूर्वीच्या काळात क्रिएटिनिन उतरणे ही चांगली बातमी असे, ही सवय मनात बसलेली असते. डायलिसिसवर गेल्यानंतर मात्र हा पदार्थ मुख्यतः स्नायूंतून येतो हे लक्षात घ्यावे लागते, आणि मशीनपूर्वीचे क्रिएटिनिन महिन्यामागून महिना उतरत असेल तर स्नायू झिजत असल्याची ती खूण असू शकते. कमी कोलेस्टेरॉलचेही डायलिसिसच्या रुग्णांत असेच आहे. आकडा खाली आला म्हणून आनंद मानण्यापूर्वी वजन, भूक आणि हाताची पकड कशी आहे ते डॉक्टरांना सांगावे.

आमच्या अहवालावर 'धोक्याचा गुणांक' का छापत नाही, असेही विचारले जाते. आकडा सुधारला म्हणजे आयुष्य वाढले असे दर वेळी घडत नाही, हे त्याचे कारण आहे. १९९८ साली अमेरिकेत हृदयविकार असलेल्या १,२३३ डायलिसिस रुग्णांवर एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात एका गटाचे हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, औषधाने निरोगी माणसाइतके, ४२ टक्क्यांपर्यंत, नेण्याचा प्रयत्न होता, आणि त्या गटात मृत्यू व हृदयविकाराचे झटके अधिक दिसू लागल्याने ती मुदतीपूर्वी थांबवावी लागली. आम्ही गुणांकाऐवजी मागील सहा तपासण्यांचा आलेख अहवालासोबत जोडतो, डॉक्टर त्यावरच बोट ठेवून बोलतात.

हा आलेख खरा राहण्यासाठी प्रयोगशाळा मध्येच बदलू नये, असे आम्ही म्हणतो तेव्हा त्यात आमचा स्वार्थ आहे हे उघड आहे, पण कारणही तितकेच खरे आहे. अल्ब्युमिन मोजायला ब्रोमोक्रिसॉल ग्रीन आणि ब्रोमोक्रिसॉल पर्पल असे दोन रंग वापरतात, आणि मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांत ग्रीनचा आकडा पर्पलपेक्षा वर येतो. एका महिन्यात एका ठिकाणी आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या ठिकाणी तपासले तर काहीच न घडता 'घसरण' दिसू शकते. आम्ही पद्धतीचे नाव प्रत्येक अहवालाच्या खाली छापतो; आपण अन्यत्र तपासणी केली तरी तेवढे विचारून घ्यावे.

या तपासण्यांसाठी उपाशी राहण्याची गरज नाही. छातीत दुखत असेल तर ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यास रक्तात वाढणारे प्रथिन) तपासायला आमच्याकडे येऊ नये, थेट रुग्णालयात जावे. डायलिसिसच्या रुग्णांत ट्रोपोनिन एरवीही वाढलेले असू शकते आणि काही तासांच्या अंतराने ते पुन्हा पाहावे लागते.

नळ्या आणि चिठ्ठी आदल्या दिवशी सायंकाळपर्यंत आमच्याकडून न्यावी. पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर आढळल्यास आम्ही छापील अहवालाची वाट न पाहता फोन करतो, म्हणून चिठ्ठीवर रुग्णाचा नव्हे, तर रात्रीही फोन उचलेल अशा घरच्या माणसाचा नंबर लिहावा.