दैनिक फँटसी फुटबॉलमधील खेळाडूनिवड

दैनिक फँटसी फुटबॉलमधील खेळाडूनिवड : अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमधील खऱ्या सामन्यांवर आधारलेल्या ऑनलाइन स्पर्धेसाठी, ठरवून दिलेल्या रकमेत बसेल असा काल्पनिक संघ निवडण्याची पद्धत. निवडलेल्या खेळाडूंनी मैदानावर जे केले त्याचे गुण होतात आणि ज्याच्या संघाचे गुण जास्त तो बक्षिसाचा धनी. ‘दैनिक’ म्हटले जात असले तरी एनएफएलमध्ये प्रत्येक संघ आठवड्याला एकच सामना खेळतो, त्यामुळे येथील डाव आठवड्याचाच असतो. पारंपरिक फँटसी लीगमध्ये हंगामाच्या सुरुवातीला घेतलेला संघ महिनोन्‌महिने सांभाळावा लागतो. येथे दर आठवड्याला पाटी कोरी. म्हणूनच या आठवड्यात कोणाची गाठ कोणाशी आहे आणि कोण जायबंदी आहे, या दोन प्रश्नांभोवती सगळी निवड फिरते. यांपैकी दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा, पण नवखे लोक पहिल्यावरच जास्त वेळ घालवतात.

भारतीय वाचकाला क्रिकेटवरच्या ड्रीम इलेव्हनमुळे ही कल्पना परिचयाची आहे. तेथील शंभर क्रेडिटच्या जागी येथे डॉलरमध्ये मोजलेली काल्पनिक ‘सॅलरी कॅप’, म्हणजे खर्चाची कमाल मर्यादा असते. अशा स्पर्धा भरवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांपैकी ड्राफ्टकिंग्जवर ती ५०,००० आणि फॅनड्यूएलवर ६०,००० डॉलर आहे. एवढ्यात नऊ जागा भरायच्या : एक क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा), दोन रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे), तीन वाइड रिसीव्हर (फेक झेलणारे), एक टाइट एंड (फेक झेलणारा आणि प्रतिस्पर्ध्याला अडवणाराही), एक फ्लेक्स आणि एका संघाची संपूर्ण बचावफळी. फ्लेक्सच्या जागी रनिंग बॅक, रिसीव्हर किंवा टाइट एंड यांपैकी कोणीही चालतो. कर्णधार-उपकर्णधार हा प्रकार मुख्य स्पर्धेत नाही.

गुणांची मोजणी समजली की निवडीतील बरेचसे निर्णय आपोआप उलगडतात. ड्राफ्टकिंग्जवर धावून किंवा झेल घेऊन मिळवलेल्या दर दहा यार्डांना एक गुण, टचडाउनला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेण्याला) सहा, प्रत्येक झेलाला एक आणि शंभर यार्ड पार केल्यास तीन जादा गुण मिळतात. क्वार्टरबॅकला फेकीच्या दर पंचवीस यार्डांना एक आणि टचडाउनच्या फेकीला चार गुण आहेत. फॅनड्यूएलवर झेलाला अर्धाच गुण मिळतो. त्यामुळे छोटे-छोटे पुष्कळ झेल घेणारा रिसीव्हर ड्राफ्टकिंग्जवर अधिक मोलाचा, तर टचडाउन हमखास मिळवणारा दणकट रनिंग बॅक फॅनड्यूएलवर.

इतिहास : फँटसी फुटबॉलचा उगम १९६२ सालचा. ओकलंड रेडर्स संघाच्या मालकीत वाटा असलेले बिल विंकेनबाख यांनी संघाच्या न्यूयॉर्क दौऱ्यात काही सहकाऱ्यांबरोबर या खेळाचे नियम बसवले आणि पुढच्या वर्षी ओकलंडमध्ये पहिली लीग सुरू झाली. हा खेळ पुढे इंटरनेटवर पसरला. २००६ मध्ये अमेरिकेत ऑनलाइन जुगाराच्या पैशांची देवाणघेवाण रोखणारा संघराज्याचा कायदा झाला, तेव्हा फँटसी खेळांना त्यातून वगळण्यात आले. बक्षिसे आधीच जाहीर असावीत, निकालात सहभागींचे ज्ञान आणि कौशल्य दिसावे आणि तो कोणा एका संघाच्या किंवा एकाच खेळाडूच्या कामगिरीवर ठरू नये, अशा त्याच्या अटी होत्या. दैनिक स्पर्धांचा धंदा याच फटीतून वाढला. फॅनड्यूएल २००९ मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे आणि ड्राफ्टकिंग्ज २०१२ मध्ये बॉस्टन येथे सुरू झाली.

२०१५ च्या हंगामात या दोन कंपन्यांनी जाहिरातींचा एवढा मारा केला की सरकारी यंत्रणांचे लक्ष तिकडे वळणे अटळ होते. त्याच काळात एका कंपनीच्या कर्मचाऱ्याने दुसरीच्या स्पर्धेत साडेतीन लाख डॉलर जिंकल्याचे उघड झाले. कोणता खेळाडू किती जणांनी निवडला आहे ही माहिती त्याच्या हाती होती. संघात बदल करण्याची मुदत संपल्यानंतरच ती त्याला मिळाली, असे कंपनीने नेमलेल्या चौकशीतून पुढे आले. तरीही कर्मचाऱ्यांनी अशा स्पर्धांत उतरण्यावर बंधने आली. न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलनी नोव्हेंबर २०१५ मध्ये दोन्ही कंपन्यांना राज्यात काम थांबवण्यास बजावले. ऑगस्ट २०१६ मध्ये कायदा करून राज्याने त्यांना परवानगी दिली. दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण २०१७ मध्ये मक्तेदारीच्या भीतीमुळे बारगळले. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने क्रीडा सट्ट्याचा मार्ग राज्यांना मोकळा झाला आणि कंपन्यांचा भर तिकडे सरकला. वॉशिंग्टन आणि आयडाहो यांसारख्या काही राज्यांत पैसे लावून या स्पर्धा खेळता येत नाहीत.

दुखापतीची बातमी : खेळाडूंचे भाव आठवड्याच्या सुरुवातीला जाहीर होतात आणि त्यानंतर बदलत नाहीत. खेळाडूंच्या प्रकृतीची बातमी मात्र रविवारपर्यंत बदलत राहते. भाव थांबलेला आणि बातमी चालू, या दोहोंमधल्या अंतरातच या खेळाचे सारे मर्म आहे. मुख्य रनिंग बॅक शुक्रवारी बाद ठरला की त्याचा बदली खेळाडू बाकावरच्या माणसाच्या भावात मिळतो, पण काम मात्र मुख्य माणसाचे करतो.

दुखापती जाहीर करण्याची सक्ती जुनी आहे. १९४६ च्या अंतिम सामन्याच्या वेळी खेळाडूंना लाच देऊ केल्याचे प्रकरण उघड झाले. त्यानंतर, आतल्या बातम्यांवर सट्टेबाजांनी कमाई करू नये म्हणून, लीगचे प्रमुख (कमिशनर) बर्ट बेल यांच्या काळात ही प्रथा पडली. आज रविवारी खेळणाऱ्या संघांना बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार असा तिन्ही दिवसांचा अहवाल द्यावा लागतो. खेळाडूने पूर्ण सराव केला, मर्यादित केला की मुळीच केला नाही, हे त्यात असते. शेवटी सामन्यापुरता शेरा येतो : ‘आउट’ (खेळणार नाही), ‘डाउटफुल’ (खेळण्याची शक्यता कमी) किंवा ‘क्वेश्चनेबल’ (अनिश्चित). यापूर्वी ‘प्रॉबेबल’ (बहुधा खेळेल) हाही एक शेरा होता. तो लावलेले बहुतेक सगळे खेळतच असत, म्हणून २०१६ मध्ये तो काढून टाकला. परिणामी ‘क्वेश्चनेबल’ची व्याप्ती फार वाढली. किरकोळ खरचटलेला आणि खरोखर लंगडणारा, दोघेही आता त्याच एका शेऱ्याखाली येतात.

म्हणून जाणकार शेऱ्यापेक्षा तीन दिवसांचा कल वाचतात. बुधवारी सराव नाही, गुरुवारी मर्यादित आणि शुक्रवारी पूर्ण, तर खेळाडू सुधारतो आहे. उलट बुधवारी पूर्ण सराव केलेल्याचे नाव शुक्रवारी अचानक ‘मर्यादित’मध्ये दिसले, तर सरावातच काहीतरी बिघडले आहे. हा सर्वांत वाईट संकेत, कारण शनिवारी-रविवारी सावरायला वेळच उरत नाही. अनुभवी खेळाडूंना बुधवारी निव्वळ विश्रांती दिली जाते. तिचा अर्थ दुखापत असा घेऊ नये. डोक्याला मार बसलेला खेळाडू पाच टप्प्यांची तपासणी पार केल्याशिवाय आणि संघाशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाने होकार दिल्याशिवाय मैदानात उतरू शकत नाही. तेथे प्रशिक्षकाच्या आशावादाला किंमत नाही. मांडीमागचा स्नायू दुखावलेला रिसीव्हर खेळायला उतरला तरी भरधाव धावताना पुन्हा थांबण्याची शक्यता असते, आणि निम्म्यात बाहेर पडलेल्याच्या जागी दुसरा घेता येत नाही.

खेळणार नसलेल्यांची अंतिम यादी सामन्याच्या नव्वद मिनिटे आधी येते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारी दुपारी एकला सामने सुरू होतात, म्हणजे यादी साडेअकराला. ड्राफ्टकिंग्जवर ज्यांचा सामना सुरू झालेला नाही त्या जागा बदलता येतात. म्हणून शंका असलेला खेळाडू दुपारी चारनंतरच्या सामन्यातला असेल, तर त्याला फ्लेक्सच्या जागी ठेवावे. तो ऐनवेळी बाद झाल्यास पर्याय रुंद राहतो.

९ सप्टेंबर २०२४ चे उदाहरण बोलके आहे. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा ख्रिश्चन मॅकॅफ्री हा फँटसीतला त्या वर्षीचा सर्वांत महागडा रनिंग बॅक. पोटरी आणि घोट्यामागच्या शिरेच्या त्रासामुळे न्यूयॉर्क जेट्सविरुद्धच्या सोमवारच्या सामन्यासाठी तो ‘क्वेश्चनेबल’ होता. अंतिम यादीत तो बाद ठरला. भारतात तेव्हा मंगळवारची पहाट होती. त्याच्या जागी उतरलेल्या जॉर्डन मेसनने २८ वेळा चेंडू घेऊन धावून १४७ यार्ड आणि एक टचडाउन मिळवला. ड्राफ्टकिंग्जच्या हिशेबाने यार्डांचे १४.७, टचडाउनचे ६ आणि शंभरीचे ३, असे केवळ धावण्याचे २३.७ गुण झाले. मेसनमध्ये आदल्या दिवशी नसलेले कोणतेही कसब त्या रात्री आले नव्हते. त्याला संधी मिळाली, एवढेच.

दुखापतीचा परिणाम जागेप्रमाणे वेगळा होतो. रनिंग बॅक गेला तर त्याचे काम बहुतेक वेळा एकाच्याच पदरात पडते. रिसीव्हर गेला तर त्याच्याकडे जाणारे चेंडू तिघाचौघांत वाटले जातात, आणि त्याचा नावाचा बदली खेळाडू बरेचदा रिकाम्या हातानेच राहतो. क्वार्टरबॅक गेला की सगळ्या संघाचे मोल उतरते. ज्यांची नावे फँटसीच्या यादीत कधीच नसतात त्यांच्या दुखापती सर्वांत दुर्लक्षित राहतात. क्वार्टरबॅकच्या डाव्या बाजूचा राखणदार नसेल तर समोरच्या बचावफळीला सॅकचे (चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडण्याचे) गुण मिळतात. प्रतिस्पर्ध्याचा पहिल्या फळीचा कॉर्नरबॅक (रिसीव्हरवर पहारा ठेवणारा बचावपटू) नसेल तर आपला रिसीव्हर मोकळा सुटतो.

प्रतिस्पर्ध्याची गाठ : ‘ही बचावफळी टाइट एंडना सर्वाधिक गुण देते’ अशी कोष्टके सर्वत्र मिळतात आणि त्यांवर फार विसंबले जाते. हंगाम सतरा सामन्यांचा. सहाव्या आठवड्यात अशा कोष्टकामागे जेमतेम पाच सामने असतात आणि त्यांतल्या दोनमध्ये समोर लीगमधले उत्तम टाइट एंड असले, तर आकडा बचावाचा दोष दाखवत नाही. विश्वासार्ह माहिती सट्टाबाजाराच्या आकड्यांत मिळते. एखाद्या सामन्यात दोन्ही संघांची मिळून ४८ गुणांची अपेक्षा असेल आणि एक संघ ६ गुणांनी वरचढ मानला जात असेल, तर त्याच्याकडून २७ आणि दुसऱ्याकडून २१ गुण अपेक्षित आहेत. २७ वाल्या संघात टचडाउन जास्त होतील हे उघड आहे. शिवाय आघाडीवर असलेला संघ वेळ काढण्यासाठी चेंडू धावून नेतो आणि पिछाडीचा संघ फेकत सुटतो. त्यामुळे वरचढ संघाचा रनिंग बॅक आणि पिछाडीच्या संघाचा रिसीव्हर, दोघेही चांगले ठरू शकतात.

हवामानातही पावसाला उगीच घाबरले जाते. फेकीचे खरे नुकसान जोराचा वारा करतो. डेट्रॉइट, मिनीॲपोलिस आणि न्यू ऑर्लीन्स येथील मैदाने छताखाली आहेत, तेथे हा प्रश्नच येत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफलोजवळ विक्रमी हिमवृष्टीचा इशारा होता. बफलो बिल्स आणि क्लीव्हलंड ब्राउन्स यांचा सामना गुरुवारी अचानक डेट्रॉइटच्या बंदिस्त मैदानात हलवण्यात आला. बर्फात फेकीचा खेळ होणार नाही म्हणून टाळलेले सगळे खेळाडू एका घोषणेने पुन्हा घेण्याजोगे झाले. बिल्सनी तो सामना ३१–२३ असा जिंकला.

स्पर्धेचा प्रकार : निम्म्या लोकांना सारखेच बक्षीस मिळणाऱ्या स्पर्धेत भरवशाचे, भरपूर काम मिळणारे खेळाडू घ्यावेत. हजारो लोकांतून पहिल्याला मोठी रक्कम मिळणाऱ्या स्पर्धेत सर्वांसारखाच संघ घेऊन भागत नाही. तेथे क्वार्टरबॅकबरोबर त्याचाच रिसीव्हर घेण्याची चाल रूढ आहे. चाळीस यार्डांची टचडाउनची एक फेक क्वार्टरबॅकला ५.६ आणि रिसीव्हरला ११ गुण देते, म्हणजे एकाच घटनेतून संघाच्या खात्यात १६.६. स्वस्तात मिळालेला बदली रनिंग बॅक अशा स्पर्धेत फार मोठ्या संख्येने लोकांकडे असतो. तो चालला तर सर्वांबरोबर तुम्ही जागेवर राहता, तो फसला तर त्याला न घेणारे पुढे जातात. ही निवड अवघड आहे आणि तिचे एकच एक उत्तर नाही.

हिशेबाची एक बाजू जाहिरातींत सांगितली जात नाही. दहा डॉलर भरून जिंकणाऱ्या निम्म्यांना अठरा मिळत असतील, तर नुसते पैसे परत यायलाही शंभरातून छप्पन वेळा जिंकावे लागते. बाकीचा वाटा कंपनीचा. मोठ्या स्पर्धांत एकच माणूस दीडशेपर्यंत संघ उतरवतो, आणि ते संगणकावर आखून. २०१५ च्या बेसबॉल हंगामाच्या पूर्वार्धाबाबत झालेल्या मॅकिन्झी या सल्लागार कंपनीच्या पाहणीत सहभागींच्या एकूण नफ्यापैकी ९१ टक्के नफा १.३ टक्के लोकांच्या हाती गेल्याचे आढळले. खेळ कौशल्याचा आहे, हे खरेच. म्हणूनच नवख्याचा पैसा कुशल लोकांकडे जातो.

दुसरी बाजू खेळाडूंची. हरलेल्या डावाचा राग समाजमाध्यमांवर जखमी खेळाडूवर काढला जातो, तो निषेधार्ह आहे. २ जानेवारी २०२३ रोजी सिनसिनाटी येथे बिल्सचा डमार हॅमलिन मैदानावरच हृदयक्रिया बंद पडून कोसळला, तेव्हा तो सामना थांबवून नंतर रद्दच करण्यात आला. हॅमलिन वाचला आणि पुढच्या हंगामात पुन्हा खेळला.

भारतातील स्थिती : अमेरिकेत स्थायिक झालेले अनेक मराठी लोक कार्यालयातील सहकाऱ्यांच्या लीगमधून या खेळात येतात. भारतात अशा स्पर्धा कौशल्याच्या की नशिबाच्या, हा वाद मुंबई उच्च न्यायालयातही गेला होता आणि २०१९ मध्ये त्या न्यायालयाने ड्रीम इलेव्हनच्या बाजूने कौल दिला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने कौशल्य आणि नशीब हा भेद बाजूला ठेवून पैसे लावून खेळायच्या सर्वच ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. ते चालवणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या ड्रीम इलेव्हनने त्यानंतर पैशांच्या स्पर्धा बंद केल्या.